दोन तास पंचावन्न मिनिटं

सोमवार, ३ नोव्हेंबर

तीर्थरूप अक्का,

नमस्कार. वाकून केलाय असं धरून चाल, माझ्या गुडघ्यांची हकिगत तुला ठाऊक आहे. इकडे सगळं ठीक. थंडी पडू लागलीय, सकाळी खिडकीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येतं. मी लिहितोही. शेजारच्या चष्मेवाल्याने मला तसं करताना पाहिलं आणि तो आत निघून गेला. आता ह्या वयात माझी काय अब्रू जायची राहिलीय.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. "आईचं मशीन कधी आणतोस?" हे तू यावेळीही शेवटी लिहिलंयसच. त्याचं उत्तर शेवटी. आधी तुझा दुसरा प्रश्न घेतो. तुझ्या शेजारणीने विचारलं, भाऊ राहतो ते गाव इथून किती लांब? तू म्हणालीस लांब आहे. ती म्हणाली, लांब म्हणजे किती? आणि तुला सांगता आलं नाही. अक्का, सत्तरी ओलांडलेली आपण दोघं सख्खी भावंडं, आणि आपल्यामध्ये किती जागा आहे हे दोघांनाही माहीत नाही. मला जेवताना ठसकाच लागला. तेव्हापासून मी ह्या एका प्रश्नाच्या हात धुऊन मागे लागलोय.

पहिल्यांदा दुकानातला नकाशा काढला. दुकान बंद केलं तरी कुणी न नेलेल्या चौकटी माझ्याकडेच पडून आहेत, त्यात एका शाळेने मढवायला टाकलेला मोठा नकाशा आहे. पोलादी पट्टी लावली आणि रेघ आखली. तुझं गाव समुद्रात शिरलेल्या त्या टोकावर, माझं इथे पठारावर. मग वाटलं, पृथ्वी काही भिंतीवर टांगलेली नाही. म्हणून वाचनालयात गेलो. तिथे खिडकीपाशी पृथ्वीचा गोल आहे, त्यावर दोरा ताणला. तर गंमत बघ, गोलावर सरळ ताणलेला दोरा जिथून जातो ती गावं माझ्या नकाशावरच्या रेघेवर नाहीतच. नकाशावर सरळ ती गोलावर वाकडी, आणि गोलावर सरळ ती नकाशावर वाकडी. आयुष्यभर चौकटीचे कोपरे काटकोनात बसवले मी, आणि आता म्हातारपणी कळतंय की सरळ म्हणजे काय हे आधी कागद कुठला ते विचारून ठरवायचं.

दोरा हातात घेतल्यावर शाळा आठवली, सगळ्या इयत्ता एकाच खोलीत बसायच्या ती. भूगोलाच्या मास्तरांचं ते काचेचं कपाट, आणि तू फ्रॉकच्या खिशात आईच्या मशीनच्या रिळावरून पळवून आणलेला पांढरा दोरा. एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. तू ताणायचीस आणि मी ढिला सोडायचो, म्हणजे दोऱ्याला पोट यायचं, माझ्यासारखंच. मास्तर म्हणायचे, "ढब्ब्या, ताण जरा. विनाकारण अंतर वाढवतोयस." सगळा वर्ग हसायचा. नाव मात्र तुझंच दिलेलं, मास्तरांनी फक्त उचललं.

दोऱ्याने मोजून झालं तरी समाधान होईना. तेव्हा ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काका, संगणकावर बघा की, विमानतळाची नावं टाका." मी म्हटलं, आमच्याकडची ती धावपट्टी कसली, तिच्यावर सकाळी शेळ्या असतात. पण टाकली. तुझी टाकली, माझी टाकली. आणि क्षणात उत्तर. दोन हजार शंभर किलोमीटर. उड्डाणाचा वेळ: दोन तास पंचावन्न मिनिटं.

मी खुर्चीतून उठलोच. दोन तास पंचावन्न मिनिटं म्हणजे माझी दुपारची झोप, अक्का. मी डोळा लागायच्या आधी इथे आणि चहाच्या वेळेला तुझ्याकडे.

मग बाईंनी बारीक अक्षरातलं वाचून दाखवलं. हे विमान नाहीच. तुझ्या गावाहून माझ्या गावी असं सरळ विमान कधी उडालेलं नाही, उडणारही नाही. जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची नावं द्या, तो संगणक मधलं अंतर काढतो, एक मोठं जेट मनाने धरतो, वारा नाही असं धरतो आणि वेळ सांगतो. त्या जेटला आमची धावपट्टी पुरणार नाही, तुमचीही नाही. खरं जायचं तर छोट्या विमानाने मधल्या शहरात, तिथून मोठ्या विमानाने समुद्राकाठच्या शहरात, रात्रभर बाकावर मुक्काम, आणि तिथून आठवड्यात दोनदा सुटणाऱ्या पुन्हा एका छोट्या विमानाने तू. दीड दिवस, तोही धुकं नसेल तर.

पण मला राहून राहून नवल वाटतं ते वेगळंच. ह्या दोन ओसाड विमानतळांची जोडी तिथे कुणी लावून ठेवली असेल? तुझ्यामाझ्याशिवाय हे विचारणारं जगात आहे कोण? आणि तरी उत्तर तयार होतं, जणू वाट बघत बसलेलं. पाचवीच्या पुस्तकातली ती कविता आठवते का? कवीचं नाव फाटलेल्या कोपऱ्याबरोबर गेलं होतं.

ढगा रे ढगा, तुझी वाट केवढी?
डोळे मिटलेस तर हाताएवढी.

तू ती कौलांकडे बघत म्हणायचीस, मी तुझ्याकडे बघून ओठ हलवायचो.

आता मशीन. बारा किलोंचं आहे, लाकडी झाकणासकट. आमच्याकडच्या विमानाचा नियम तुला सांगितलाय. माणूस आणि सामान एकत्र वजन करतात, शंभराच्या वर गेलं की सामान खाली. मी पडलो ब्याण्णव. म्हणजे एक तर मी येईन, नाहीतर मशीन. तू मागे लिहिलं होतंस, "मग मशीन पाठव आणि तू राहा तिथेच." तेच बरं दिसतंय.

जेवण बेताचं, झोप बरी. आज पट्ट्याला भोक पाडायला जुनी आरी शोधत होतो, ती नकाशामागे सापडली. चिमणीला आशीर्वाद. मुलगी एवढी शाळेची मुख्याध्यापिका झाली तरी मामाला ती चिमणीच.

तुझा,
ढब्बू


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तीर्थरूप अक्का,

नमस्कार. तुझं पत्र यायच्या आधीच हे दुसरं लिहितोय, कारण पोटात मावत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर तुला माझ्या नाकपुड्याच दिसतात म्हणतेस, तेव्हा टपालाला पर्याय नाही.

काल विमानतळावर गेलो होतो. कशाला म्हणशील. बघायला. चाळीस वर्षं गावात राहिलो, तिथे फक्त एकदा गेलेलो, तेही मढवलेले फोटो टांगायला. ते फोटो अजून आहेत. एक तिरका झालाय, मी बाकावर चढून सरळ केला तर पहारेकरी धावत आला.

प्रतीक्षागृह म्हणजे आपल्या शाळेचा एक वर्ग समज. दोन बाकं, पाण्याचा नळ, एक घड्याळ आणि एक खिडकी. खिडकीत एक मुलगी बसते, तिकीट तीच देते, सामान तीच घेते, विमान आलं की पिवळं जाकीट घालून बाहेर पळते तीही तीच. खिडकीशेजारी जमिनीत बसवलेला लोखंडी वजनकाटा. विमान बारा-पंधरा माणसांचं, म्हणून कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मागे, हे वजनावर ठरतं. एक जाडेसे गृहस्थ होते, त्यांना एकदम मध्यात बसवलं. त्यांची बायको मागे. ती जाताना म्हणाली, लग्नात झालं नाही ते इथे झालं. मला हसू आवरेना.

गर्दी ओसरल्यावर मी त्या मुलीला माझी शंका विचारली. संगणक म्हणतो वारा नाही असं धरा. पण वारा असतो ना? ती म्हणाली, असतो तर काय आजोबा, वरती कायम असतो. पश्चिमेकडून पूर्वेला. त्यामुळे जाताना आणि येताना वेळ सारखा लागत नाही. तुझ्याकडे येताना वारा पाठीशी, परतताना तोंडावर. अंतर तेच, आणि वेळ वेगळा. मोठ्या विमानाच्या टप्प्यात तर पाऊण तासाचा फरक पडतो म्हणे.

अक्का, हे मला कुणी शाळेत का नाही सांगितलं? मास्तर म्हणायचे अ पासून ब जितकं लांब, तितकाच ब पासून अ. दोऱ्याच्या बाबतीत खरं आहे ते. पण माणूस दोऱ्यावरून जात नाही, हवेतून जातो. म्हणजे तू माझ्यापासून जवळ आहेस, मी मात्र तुझ्यापासून जरा लांब आहे. घरी येईपर्यंत हेच डोक्यात. पायाखालचा रस्ता कुठला होता तेही आठवत नाही.

निघताना ती मुलगी म्हणाली, एवढं विचारताय तर काट्यावर उभे राहून बघा. मी राहिलो. मशीन घरी होतं, पण त्याचं वजन पाठ आहे. तिने बेरीज केली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं मशीन आरामात जातंय. वर दोन शर्टही न्या." शहाऐंशी भरलं दोघांचं मिळून. बघ, एवढी वर्षं उगाच मी मशीनला दोष देत होतो. थोडं जेवण आटोक्यात ठेवलं की झालं. तू नेहमी म्हणायचीस, ढब्ब्या, एक पोळी कमी खा. उशिरा का होईना, ऐकलं.

तेव्हा मशीनचा प्रश्न सुटला. येईन की नाही ते अजून ठरलेलं नाही. बघू. सध्या वाऱ्याबद्दल वाचतोय. ग्रंथपाल बाईंनी ढगांचं एक पुस्तक दिलंय, त्यातली चित्रं मढवण्यासारखी आहेत.

तुझा,
ढब्बू


गुरुवार, २७ नोव्हेंबर

अक्का,

तुझं पत्र मिळालं. पाकीट फोडलं तर एवढा मोठा कागद आणि त्यावर एकच ओळ. "वजन कुठे गेलं?"

नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, मशीनचं नाव नाही. तीन-चारदा कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का. चिमणीनेही काही जोडलेलं नाही. तू तिला दाखवलंच नसशील.

चार दिवस उत्तर लिहायला बसतोय आणि ढगांकडे वळतोय. एका पानावर तर मी तुला विमानाच्या मागे पांढरी रेघ का उमटते ते समजावून सांगितलं होतं. चांगलं जमलं होतं ते पान. फाडलं. तुझ्यापुढे गणितातली चूक कधी लपली नाही माझी. पट्ट्याला भोक पाडलेलं लिहिलं, पोळीचं लिहिलं, आणि बेरीज मांडून दिली स्वतःच्या हाताने. ब्याण्णवातून चौऱ्याहत्तर गेले तर राहतात अठरा, आणि ते एका पोळीने जात नाहीत.

तर ऐक. पोटात आहे. उन्हाळ्यापासून आहे, मला पावसाळ्यानंतर कळलं. डॉक्टरीणबाई तुला आठवणार नाहीत, त्यांच्या पदवीची चौकट मी केली होती. त्यांच्या खुर्चीमागे लटकलेली असते, खिळा माझाच. त्या बोलत होत्या आणि मी चौकटीचा डावा कोपरा बघत होतो, तिथे जोड किंचित उघडलाय. कापायचं वय आणि जागा दोन्ही नाहीत म्हणाल्या. औषध आहे, त्याने ते थांबत नाही, पण जरा सुस्तावतं. तेच औषध तुमच्याकडच्या इस्पितळातही मिळतं, हे मी विचारून घेतलं. का विचारलं ते तेव्हा माझं मलाही कळलं नव्हतं.

मग मी विचारलं, विमानाने जाता येईल का? त्या कागद आवरता आवरता म्हणाल्या, "आता येईल, काका." मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि मग मला त्यातला 'आता' ऐकू आला.

तू गेली चार वर्षं, ही गेल्यापासून, बोलावतेयस. "दोघं एका घरात राहू, भांडू, जेवू." मी कधी दुकान पुढे केलं, कधी गुडघे, कधी मशीन. खरं सांगू? मला माझ्या खोलीची सवय झाली होती. सकाळचं ऊन हिच्या खुर्चीवर कधी येतं ते मला ठाऊक होतं, आणि ते सोडून जायला मन होत नव्हतं, एवढंच. त्यात तुझं बोलावणं नाकारावं असं काही नव्हतं.

आता यावंसं वाटतंय, तर पाय अडतो तो वेगळ्याच कारणाने. तू बोलावलंस ते भांडायला आणि जेवायला. मी येईन तो धड जेवणारही नाही. थोडे महिने बरा असेन, वाऱ्यावर बोलेन, तुझ्या शेजारणीला पृथ्वीचा गोल समजावून सांगेन. मग नसेन बरा. तू अठ्ठ्याहत्तरची, जिना चढताना मध्ये बसतेस. चिमणीची शाळा. तुमच्या घरात मी हे घेऊन शिरायचं का, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कुठल्या संगणकात नाही. तुझ्याकडे आहे.

परवा पुन्हा त्या खिडकीपाशी गेलो होतो. तिकिटाचं नुसतं विचारलं. मुलीने तारखा सांगितल्या आणि विचारलं, "परतीचं कधीचं बघू?"

मी म्हटलं, "परतताना वारा तोंडावर असतो ना? मग राहू दे."

ती आधी हसली. मग माझ्याकडे बघून थांबली आणि पाणी आणून दिलं. तिकीट घेतलेलं नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जागा धरून ठेवते म्हणाली.

तू नाही म्हणालीस तर मी समजून घेईन, हे मनापासून लिहितोय. ह्या पत्राचं वजन वीस ग्रॅम भरलं. टपाल खात्याने त्याला काही हरकत घेतली नाही.

तुझा,
(नाव तूच घाल. जुनं आता शोभत नाही.)


शुक्रवार, १२ डिसेंबर
मधल्या शहराचा विमानतळ

तीर्थरूप अक्का,

नमस्कार. हे पत्र टपालाने येणार नाही. ते माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे, आणि तू दारात आलीस की मी ते आधी तुझ्या हातात देणार आहे. म्हणजे आत्ता, तू हे वाचतेयस तेव्हा, मी तुझ्यासमोर उभा आहे. किंवा तू बसवलं असशील तर बसलोय. तुला ऐकू येत नाही आणि मला अशा वेळी बोलता येत नाही, तेव्हा हेच बरं.

तुझं उत्तर मला पाठ झालंय. "उशांचे अभ्रे फाटलेत. चादरीही. मशीन घेऊन ये. खालची खोली रिकामी केली आहे, जिना नाही. फालतू प्रश्न विचारत जाऊ नकोस." खाली चिमणीच्या अक्षरात, "मामा, आई तीन दिवस कुणाशी बोलली नाही आणि आज सकाळपासून खोली झाडतेय." मी ते चष्मेवाल्याला वाचून दाखवलं. त्याने चष्मा पुसला. चष्मे विकणाऱ्याचाही चष्मा धुक्यात जातो तर.

सकाळी काट्यावर उभा राहिलो, मशीन पोटाशी धरून. आकडा सांगत नाही, तू पुन्हा वजाबाकी करशील. मुलगी म्हणाली, एवढ्या हलक्या माणसाला कुठेही बसवता येतं, सांगा कुठे बसायचंय. मी म्हटलं, खिडकी. तिने मला सगळ्यात पुढे बसवलं, वैमानिकाच्या मागे. मशीन मागच्या जाळीत, पट्ट्याने बांधून. त्या मुलीने बांधताना झाकणावर एकदा हात फिरवला.

आणि अक्का, वरून सगळं दिसलं. आपली शाळा तिथे असती तर तीही दिसली असती. शेताचे तुकडे चौकटींसारखे, पण एकही कोपरा काटकोनात नाही. इतकी वर्षं मी ह्या पृथ्वीची चित्रं मढवली आणि ती स्वतः अशी, कडांशिवाय पसरलेली. ढग खाली होते. मी त्यांना खालून ओळखायचो, पाठी पहिल्यांदाच पाहिल्या. त्या ओळी मी मनात म्हटल्या, पण डोळे मिटले नाहीत. कविता चुकीची नाही, लहान मुलांसाठी आहे. मला आता वाट हाताएवढी व्हायला नकोय, जेवढी आहे तेवढी सगळी बघायचीय.

वैमानिकाला उतरताना विचारलं, वारा कसा होता. तो म्हणाला, पाठीशी होता, दहा मिनिटं आधी आलो. मी एवढा खूश झालो की त्याला वाटलं मला कुणाला तरी गाठायचंय.

इथून रात्री मोठं विमान. मग बाकावर मुक्काम, चिमणीने पाठवलेली हवेची उशी आहे. मग तुझं छोटं विमान, धुकं नसेल तर. धुकं असेल तर थांबेन. संगणकाच्या हिशेबाने मी पोचून, चहा पिऊन, परत निघालोही असतो. असू दे त्याचं त्याच्यापाशी.

एक सांगायचं राहिलं. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी दार अडवणारा माणूस होतो. आता दारातून माझ्यासकट मशीनही येतं. म्हणून तुला आधी पत्र दिलं, म्हणजे अचानक बघून धक्का नको. पण सारखं कागदातच बघत बसू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे, रडायचं असलं की तू ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचतेस.

मशीनच्या रिळावर थोडा पांढरा दोरा अजून शिल्लक आहे. मी त्याचं टोक सोडवून ठेवलंय. ह्या वेळी ढिला सोडणार नाही.

वाचून झालं ना? मग चष्मा काढू नकोस. वर बघ.

तुझा,
ढब्बूच